'लिमिटेड'च्या पुढे 'टू', 'बाय' की 'इन'?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका सहकारी पतसंस्थेत काम करता. संस्थेच्या सूचना मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लावाव्या लागतात आणि इंग्रजी मजकूर तुमच्याकडे असतो. ज्येष्ठ नागरिकांच्या ठेव योजनेसाठी तुम्ही लिहिलंत, 'धिस स्कीम इज लिमिटेड फॉर सीनियर सिटिझन्स'. साहेबांनी 'फॉर' खोडून 'टू' केलं. पुढच्या सूचनेत तुम्ही ते लक्षात ठेवून 'कॅश विड्रॉवल इज लिमिटेड टू शॉर्टेज ऑफ कॅश' असं लिहिलंत, तर तिथे त्यांनी 'टू' खोडून 'बाय' केलं. आता तुम्ही विचारताय की नेमका नियम काय, आणि 'लिमिटेड' सोडून सरळ 'रिस्ट्रिक्टेड' लिहिलं तर ही कटकट मिटेल का.

साहेबांच्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. 'रिस्ट्रिक्टेड'ने मात्र कटकट मिटणार नाही, कारण त्यालाही हेच 'टू' आणि 'बाय' लागतात आणि वर अर्थ थोडा सरकतो. त्याकडे शेवटी येते.

मी कार्यालयांची, संस्थांची इंग्रजी पत्रं, अहवाल आणि सूचना तपासून देण्याचं काम बरीच वर्षं करते. 'लिमिटेड'भोवतीच्या चुका सतत समोर येतात आणि बहुतेकांचं मूळ एकच असतं. मर्यादा आहे हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं, पण ती कुठपर्यंत आहे, कशामुळे आहे, की कशाच्या बाबतीत आहे, हे ठरवलेलं नसतं. 'पैसे मर्यादित आहेत' एवढ्यावर वाक्य संपत असेल तर दोन्ही भाषांत काहीच अडत नाही. 'द फंड्स आर लिमिटेड' हे पूर्ण वाक्य आहे. पुढे काही जोडायला गेलात की वरच्या तीनपैकी एक निवडावंच लागतं, आणि ती निवड पाठांतराने होत नाही. आधी मराठीत वाक्य नीट मांडलं की ती आपोआप होते, कारण हे तिन्ही प्रकार मराठीत आपण रोज वेगवेगळे बोलतो.

तुमचं पहिलं वाक्य घ्या. 'ही योजना ज्येष्ठ नागरिकांपुरती मर्यादित आहे.' यातलं 'पुरती' म्हणजे 'टू'. आत कोण येतं, आकडा कुठे थांबतो, हद्द कुठे पडते हे सांगायचं असलं की 'लिमिटेड टू'. त्याच्यापुढे माणसं येतात, रक्कम येते, जागा येते, काळही येतो: 'लिमिटेड टू मेंबर्स', 'लिमिटेड टू टेन थाउजंड रुपीज', 'लिमिटेड टू सांगली डिस्ट्रिक्ट', 'लिमिटेड टू वन इयर'.

दुसरं वाक्य: 'रोख रकमेच्या टंचाईमुळे पैसे काढण्यावर मर्यादा आली आहे.' इथलं 'मुळे' म्हणजे 'बाय'. 'बाय'च्या पुढे येते ती मर्यादा घालणारी गोष्ट. ती टंचाई असेल, नियम असेल, पाऊस असेल, कमी कर्मचारी असतील. तुमच्या वाक्यात 'टू' आल्यामुळे अर्थ होत होता, 'पैसे काढणं टंचाईपुरतं मर्यादित आहे'. मराठीत हे वाक्य तुम्ही कधीच लिहिलं नसतं. कानाला लगेच खटकलं असतं. म्हणून मी सगळ्यांना हाच मार्ग सांगते: शंका आली की वाक्य मराठीत म्हणून बघा आणि 'पुरतं' बसतंय की 'मुळे' ते ऐका.

तिसरा 'इन'. 'या योजनेची व्याप्ती मर्यादित आहे', म्हणजे व्याप्तीच्या बाबतीत ती मर्यादित आहे: 'द स्कीम इज लिमिटेड इन स्कोप'. 'इन'च्या पुढे येतो तो एखादा पैलू, जसं संख्या, आकार, व्याप्ती, कालावधी. कार्यालयीन पत्रात याचं एक रूप फार उपयोगी पडतं आणि आपल्याकडे ते कमी वापरलं जातं: 'वी आर लिमिटेड इन व्हॉट वी कॅन ऑफर'. एखाद्या ठेवीदाराला किंवा ग्राहकाला नकार द्यायचा आहे, पण तोडून बोलायचं नाही, तेव्हा 'आमच्या हातात फार काही नाही' हा भाव या वाक्यात सभ्यपणे येतो. 'वी आर लिमिटेड' एवढंच लिहून सोडू नका. ते अर्धवट वाटतं, आणि कंपनीच्या नावाचा तुकडा असल्यासारखंही वाचलं जाऊ शकतं.

'टू' आणि 'बाय' यांचं नातं एकाच वाक्यात बघायचं असेल तर कंपनी कायदा, २०१३ मध्ये त्याचा उत्तम नमुना आहे. कलम २ मधल्या २२व्या व्याख्येत शेअर्सनी मर्यादित कंपनी म्हणजे काय ते दिलंय. तिथे सभासदांची जबाबदारी 'लिमिटेड बाय द मेमोरँडम टू द अमाउंट, इफ एनी, अनपेड ऑन द शेअर्स' असते असं म्हटलंय. आता हे सावकाश उलगडा. मर्यादा घातली कोणी? मेमोरँडमने, म्हणजे कंपनीच्या घटनापत्राने. म्हणून 'बाय'. मर्यादा कुठपर्यंत? शेअर्सवर भरायच्या राहिलेल्या रकमेपुरती. म्हणून 'टू'. समजा तुमच्याकडे १० रुपयांचा एक शेअर आहे आणि त्यातले ६ रुपये तुम्ही भरलेत. कंपनी बुडाली तर त्या शेअरपोटी तुमच्याकडून जास्तीत जास्त ४ रुपये मागता येतील. पूर्ण १० भरले असतील तर काहीच मागता येणार नाही, म्हणून तो 'इफ एनी'. कायद्याचं इंग्रजी अवघड असतं हे खरं, पण या वाक्यातली दोन शब्दयोगी अव्ययं जागच्या जागी आहेत. ती अदलाबदल करून बघा, अर्थ लगेच कोसळतो.

यावरून एक गैरसमजही दूर करते, कारण तुमच्या संस्थेच्या नावातच तो शब्द आहे. सार्वजनिक कंपनीच्या नावाशेवटी 'लिमिटेड', खासगी कंपनीच्या नावाशेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहकारी संस्थेच्या नावाशेवटी 'मर्यादित' असतं, ते संस्थेच्या आकाराबद्दल नसतं. मर्यादित असते ती सभासदांची जबाबदारी. म्हणून 'अवर लिमिटेड सोसायटी' असं वाक्यात लिहू नका. त्यातून संस्था तोकडी आहे असा सूर निघतो. नावात तो शब्द राहू द्या आणि वाक्यात नुसतं 'अवर सोसायटी' म्हणा. अशा ठरीव अर्थाच्या 'लिमिटेड'च्या आधी 'व्हेरी' वगैरेही लागत नाही. 'लिमिटेड कंपनी', 'लिमिटेड एडिशन' हे प्रकार आहेत. ते असतात किंवा नसतात. वेळ, अनुभव, माहिती अशा गोष्टींच्या बाबतीत मात्र 'व्हेरी लिमिटेड', 'मोअर लिमिटेड', 'सिव्हिअर्ली लिमिटेड' सगळं चालतं.

आता 'फॉर'कडे. तो कुठून आला हे उघड आहे. आपण 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' म्हणतो आणि 'साठी' म्हणजे 'फॉर'. इंग्रजीत 'फॉर सीनियर सिटिझन्स ओन्ली' हे अगदी बरोबर आहे. 'लिमिटेड टू सीनियर सिटिझन्स' हेही बरोबर आहे. अडचण होते ती दोन्ही रचना एकमेकांत मिसळल्या की. एक निवडा. माझं मत विचाराल तर सूचनाफलकावर 'फॉर सीनियर सिटिझन्स ओन्ली' जास्त चांगलं, कारण ते लांबून वाचता येतं आणि कोणालाही कळतं. योजनेच्या नियमावलीत 'लिमिटेड टू' शोभतं.

'लिमिटेड'नंतर 'फॉर' दिसला की तो खोडायचाच, असा अर्थ मात्र काढू नका. 'सीट्स आर लिमिटेड फॉर द संडे शो' हे वाक्य बरोबर आहे. यात 'फॉर द संडे शो' म्हणजे रविवारच्या प्रयोगासाठी. तो तुकडा सगळ्या वाक्याला लागतो, मर्यादेची हद्द सांगत नाही. तसंच 'फॉर अ लिमिटेड पीरियड'. तिथे 'फॉर' काळाबरोबर आलाय.

याच्याहून फसवा प्रकार 'ॲक्सेस'चा आहे आणि चांगलं इंग्रजी लिहिणारेही तिथे अडखळतात. ही दोन वाक्यं बघा: 'मेंबर्स हॅव लिमिटेड ॲक्सेस टू द लॉकर रूम' आणि 'ॲक्सेस टू द लॉकर रूम इज लिमिटेड टू मेंबर्स'. पहिल्याचा अर्थ, सभासदांना लॉकरच्या खोलीत जाता येतं, पण मोजकंच; ठरावीक वेळेत, किंवा कोणाला तरी सोबत घेऊन. दुसऱ्याचा अर्थ, तिथे फक्त सभासदांना जाता येतं, आणि त्यांच्यावर वेळेचं वगैरे काही बंधन आहे का याबद्दल वाक्य गप्प आहे. पहिल्या वाक्यातला 'टू' 'लिमिटेड'चा नाहीच, तो 'ॲक्सेस'चा आहे. 'ॲक्सेस'ला स्वतःचा 'टू' लागतो, 'नॉलेज'ला 'ऑफ' लागतो, 'एक्स्पिरिअन्स'ला 'इन' किंवा 'विथ' किंवा 'ऑफ'. 'लिमिटेड' जेव्हा नामाच्या आधी बसतो, तेव्हा पुढचं अव्यय त्या नामाच्या मर्जीने येतं. 'लिमिटेड नॉलेज ऑफ अकाउंट्स', 'लिमिटेड एक्स्पिरिअन्स इन सेल्स'. 'टू, बाय, इन' हा आपला हिशोब लागतो तो 'लिमिटेड' वाक्याच्या शेवटाकडे, 'इज' किंवा 'आर'नंतर आला की. एवढी एक गोष्ट पक्की झाली तर निम्मा गोंधळ संपतो.

'लिमिटेड टू'च्या पुढे क्रियापद आलं तर त्याला 'आयएनजी' लावा. 'द क्लार्क्स रोल इज लिमिटेड टू चेकिंग द पेपर्स', 'टू चेक द पेपर्स' नाही. इथला 'टू' पोहोचण्याचा आहे, 'टू गो', 'टू ईट'मधला नाही.

पतसंस्था आणि बँकांच्या सूचनांत आणखी एक चूक हमखास दिसते: 'विड्रॉवल लिमिटेड अप टू ५,०००'. 'लिमिटेड टू' म्हटलं की 'पर्यंत' त्यात आलंच. 'अप टू' म्हटलं तरी आलं. दोन्ही एकत्र नकोत. 'विड्रॉवल्स आर लिमिटेड टू ५,००० रुपीज अ डे' किंवा 'यू मे विड्रॉ अप टू ५,००० रुपीज अ डे'. मला दुसरं जास्त आवडतं, कारण ते माणसाशी बोलतं. तसंच 'लिमिटेड टिल ३१ मार्च'. तारखेपर्यंत मुदत असते, मर्यादा नसते. तिथे 'ओपन टिल ३१ मार्च' किंवा 'व्हॅलिड टिल ३१ मार्च' हवं. आणि 'ओन्ली लिमिटेड टू मेंबर्स' यातला 'ओन्ली' काढून टाका, 'फक्त' हे 'लिमिटेड टू'मध्येच आहे. 'बाय'बरोबर मात्र 'ओन्ली' चालतो आणि छान अर्थ देतो. 'लिमिटेड ओन्ली बाय द सप्लाय ऑफ वॉटर', म्हणजे मर्यादा आहे ती केवळ पाण्याची, बाकी काही आड येत नाही.

रकमेची मर्यादा सांगताना हद्द पूर्ण सांगा, हा मुद्दा भाषेइतकाच व्यवहाराचाही आहे. बँकेतल्या ठेवींवरच्या विम्याचं उदाहरण घ्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपयांवर गेली. पण 'इन्शुरन्स इज लिमिटेड टू ५ लाख रुपीज' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की प्रत्येक ठेवीला ५ लाख. खरी हद्द आहे एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सगळ्या ठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून. म्हणून 'लिमिटेड टू ५ लाख रुपीज पर डिपॉझिटर पर बँक, इन्क्लुडिंग इंटरेस्ट' असं लिहावं लागतं. हा विमा सहकारी बँकांना असतो, पतसंस्थांना नसतो, त्यामुळे तुमच्या फलकावर हे वाक्य येणार नाही. पण 'टू'नंतर नुसता आकडा टाकून मोकळं होऊ नये, हे तुमच्याही कामाचं आहे. दिवसाला की महिन्याला, खात्यामागे की माणसामागे, हे लिहिलंच पाहिजे. खिडकीवर होणारी निम्मी भांडणं अर्धवट लिहिलेल्या आकड्यावरून होतात.

कर्जाच्या करारनाम्यात 'इन्क्लुडिंग बट नॉट लिमिटेड टू' हा शब्दसमूह तुम्ही पाहिला असेल. त्याचा अर्थ, पुढची यादी उदाहरणादाखल आहे, तेवढ्यापुरताच करार नाही. त्या यादीच्या शेवटी 'एट्सेट्रा' लावू नका, काम आधीच झालेलं असतं. आणि साध्या पत्रात हा शब्दसमूह आणू नका. तिथे 'सच ॲज' पुरतं.

इथवरच्या चुका अव्ययाच्या. 'लिमिटेड' हा शब्द आता मराठी बोलण्यात इतका मुरलाय की त्याच्यामुळे वेगळ्याच चुका इंग्रजीत येतात, आणि त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण व्याकरणाच्या पुस्तकात त्या सापडत नाहीत. खानावळीत 'लिमिटेड थाळी' असते, म्हणजे ठरलेल्या वाट्या, ठरलेल्या पोळ्या. मुंबईत बेस्टची 'लिमिटेड' बस मोजक्याच थांब्यांवर थांबते. घरात कोणी विचारलं तर आपण सहज म्हणतो, 'हल्ली गोड लिमिटेड खातो', 'तो माणूस लिमिटेड बोलतो', 'आमचं येणंजाणं लिमिटेड आहे'. मराठी म्हणून यात वावगं काही नाही. पण हीच वाक्यं शब्दाला शब्द ठेवून 'आय ईट स्वीट्स लिमिटेड' किंवा 'ही टॉक्स लिमिटेड' अशी इंग्रजीत गेली की चुकतात. 'लिमिटेड' हे विशेषण आहे, त्याला नाम लागतं. खाणं, बोलणं, खर्च करणं या क्रियांना ते लावता येत नाही. तिथे 'आय डोंट ईट मेनी स्वीट्स', 'ही टॉक्स व्हेरी लिटल', 'वी डोंट व्हिजिट ईच अदर मच' असं साधं म्हणावं. 'लिमिटेडली' असा शब्द शब्दकोशात सापडेल, पण रोजच्या लिखाणात तो कोणी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

दुसरी चूक माणसांची. 'ओन्ली लिमिटेड पीपल वेअर इन्व्हायटेड' असं वाक्य मी कार्यक्रमांच्या अहवालांत अनेकदा दुरुस्त केलंय. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, मोजक्याच लोकांना बोलावलं. पण इंग्रजीत माणसाला 'लिमिटेड' म्हटलं की त्याची कुवत मर्यादित आहे असा अर्थ होतो. क्रिकेटमध्ये ही दोन्ही रूपं शेजारीशेजारी दिसतात. 'लिमिटेड-ओव्हर्स मॅच' म्हणजे षटकं मर्यादित. 'ईच बोलर इज लिमिटेड टू टेन ओव्हर्स' म्हणजे ५० षटकांच्या डावात एका गोलंदाजाला १०. १९८३च्या विश्वचषकात डाव ६० षटकांचा होता तेव्हा ही मर्यादा १२ होती. आणि 'अ लिमिटेड बॅट्समन' म्हणजे ज्याच्याकडे दोनचारच फटके आहेत असा फलंदाज. तेव्हा तुमच्या पाहुण्यांना 'लिमिटेड पीपल' म्हणू नका. 'अ लिमिटेड नंबर ऑफ पीपल' म्हणा, किंवा सरळ 'ओन्ली अ फ्यू पीपल'.

वस्तूंच्या बाबतीत हे थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे. 'लिमिटेड सीट्स', 'लिमिटेड स्टॉक', 'लिमिटेड कॉपीज' हे जाहिरातीत सर्रास चालतं आणि त्याला मी हात लावत नाही. फलकावर जागा कमी असते, वाचणाऱ्याला कळतं, काम होतं. तोच मजकूर वार्षिक अहवालात आला तर मी 'अ लिमिटेड नंबर ऑफ सीट्स' करते. त्या 'अ'कडे लक्ष ठेवा, तो गाळला जातो. 'अ लिमिटेड नंबर ऑफ', 'अ लिमिटेड अमाउंट ऑफ', 'टू अ लिमिटेड एक्स्टेंट', 'ऑन अ लिमिटेड बजेट', यात 'अ' हवाच. 'आय हॅव लिमिटेड टाइम' यात मात्र नको, कारण तिथे वेळ म्हणजे मोजता न येणारी गोष्ट आहे. 'फॉर अ लिमिटेड टाइम' यात पुन्हा हवा, कारण तिथे वेळ म्हणजे ठरावीक अवधी. आणि 'अ लिमिटेड नंबर ऑफ सीट्स'नंतर 'आर' घ्या, 'इज' नको; बोलणं सीट्सबद्दल चाललेलं असतं.

आता 'रिस्ट्रिक्टेड'. दोन्ही शब्दांचे प्रदेश काही ठिकाणी एकमेकांवर चढतात, म्हणून 'एंट्री इज लिमिटेड टू मेंबर्स' आणि 'एंट्री इज रिस्ट्रिक्टेड टू मेंबर्स' यातलं कुठलंही चालेल. तरी फरक आहे. 'रिस्ट्रिक्टेड'मागे कोणीतरी बंधन घातल्याची जाणीव असते. नियम, आदेश, पहारा. 'लिमिटेड' नुसतं प्रमाण किंवा हद्द सांगू शकतो, तिथे बंधन घालणारं कोणी असेलच असं नाही. विहिरीचं पाणी 'लिमिटेड' असतं. तेच पाणी ग्रामपंचायतीने दोन दिवसांआड सोडायचं ठरवलं तर पुरवठा 'रिस्ट्रिक्टेड' झाला असं म्हणता येईल. परदेशी नागरिकांना ज्या ठरावीक प्रदेशात परवान्याशिवाय जाता येत नाही तो 'रिस्ट्रिक्टेड एरिया'. याबद्दलच्या १९६३ च्या सरकारी आदेशाच्या नावातही हेच शब्द होते. त्याला 'लिमिटेड एरिया' म्हटलं तर अर्थ होईल लहानसा भाग. उलट 'रिस्ट्रिक्टेड नॉलेज' म्हटलं तर ज्ञान कमी आहे असा अर्थ न होता ते गुप्त ठेवलंय असा होईल.

कंपनी कायद्याकडे पुन्हा एकदा बघा, कारण हा भेद तिथे एकाच व्याख्येत दिसतो. खासगी कंपनीच्या व्याख्येत, म्हणजे कलम २ मधल्या ६८व्या व्याख्येत, अशी कंपनी शेअर हस्तांतरित करण्याचा हक्क 'रिस्ट्रिक्ट्स' आणि सभासदांची संख्या २०० पर्यंत 'लिमिट्स' असं म्हटलंय. हक्क आहे, पण वापरताना आडकाठी आहे, तिथे 'रिस्ट्रिक्ट'. आकडा आहे, तो इथे थांबतो, तिथे 'लिमिट'. तुम्ही निवड करताना हेच बघा: तुमच्या वाक्यात हक्क किंवा वावर आहे, की आकडा किंवा प्रमाण आहे. शंभर टक्के वेळा हा कस लागू पडेल असं मी म्हणणार नाही, पण सूचना आणि पत्रव्यवहार यांत तो मला कधी नडलेला नाही.

सूर वेगळा असतो हेही लक्षात घ्या. 'रिस्ट्रिक्टेड' कडक वाटतो. ठेवीदारांच्या सूचनेत तो शब्द दिसला की लोक घाबरतात, संस्थेवर काही कारवाई झाली का असं विचारायला येतात. रोख कमी आहे एवढंच सांगायचं असेल तर तिथे 'लिमिटेड' ठेवा, किंवा दोन्ही टाळा.

तुम्ही विचारलं नाही, पण इंग्रजी मजकूर तुमच्याकडे असतो म्हणून हेही सांगते. नोकरीच्या अर्जात 'माय इंग्लिश इज लिमिटेड' लिहू नका. ते वाक्य बरोबर आहे, पण वाचणारा त्यावर लगेच फुली मारतो. लिंक्डइनवर भाषेच्या पाच पायऱ्या दिलेल्या असतात. त्यातली दुसरी 'लिमिटेड वर्किंग प्रोफिशिअन्सी', आणि तिच्यावरची 'प्रोफेशनल वर्किंग प्रोफिशिअन्सी'. जो माणूस संस्थेच्या सूचना स्वतः इंग्रजीत लिहितो आणि 'टू' आणि 'बाय' यातला फरक विचारतो, त्याने नम्रपणापोटी दुसरी पायरी निवडण्याआधी दोन्हींचा अर्थ नीट वाचावा. अर्जात साधं लिहा, 'आय रीड अँड राइट ऑफिस करस्पॉन्डन्स इन इंग्लिश'. तुम्ही काय करू शकता ते त्यातून कळतं.

तुमच्या दोन सूचना मी अशा लिहीन. पहिली, फलकासाठी: 'डिपॉझिट स्कीम फॉर सीनियर सिटिझन्स ओन्ली'. नियमावलीत: 'धिस स्कीम इज लिमिटेड टू मेंबर्स एज्ड ६० अँड अबव्ह'. वय लिहिलं की 'सीनियर सिटिझन' म्हणजे कोण हा वाद राहत नाही. तुमच्या योजनेत वयाची अट दुसरी असेल, किंवा सभासद नसलेल्यांनाही ती खुली असेल, तर त्याप्रमाणे बदला. दुसरी: 'ड्यू टू अ शॉर्टेज ऑफ कॅश, विड्रॉवल्स आर लिमिटेड टू ५,००० रुपीज पर अकाउंट पर डे टिल फ्रायडे'. इथे कारण 'ड्यू टू'ने आधी सांगून टाकलंय, म्हणून 'बाय'ची गरज उरली नाही, आणि 'लिमिटेड'च्या पुढे लोकांना खरोखर हवा असलेला आकडा आला. साहेबांचं 'लिमिटेड बाय शॉर्टेज ऑफ कॅश' व्याकरणाने बरोबर होतं, पण उद्या किती मिळतील हे त्यात नव्हतं. रक्कम आणि दिवस मी नमुन्यादाखल टाकलेत. ते, आणि टंचाईचं कारण फलकावर उघड लिहायचं की नाही, हे साहेबांना विचारून ठरवा.